उलटी बाजू

येवल्याहून पहिली एसटी. निफाडला काचेवर दव,
द्राक्षबागांत रात्रीच्या शेकोट्या अजून धुमसत होत्या.
पिशवीत दोन सुया, बापाची कातर,
आणि रेशमावर चालणारा हात
लोकरीवर चालेल का, ही शंका.

देवळाली कॅम्प. गुलचेहरबाई इराणी दारातच म्हणाल्या,
"चप्पल काढ. मग हात धू. मग बोलू."
भोक पंज्याएवढं. शेगडीतला निखारा,
बावन्न वर्षांपूर्वीचा.
कुणाच्या हातून, ते त्या सांगत नाहीत.
इतकी वर्षं त्यावर टीपॉय होता.

मी काही न बोलता गालिचा उलटा केला.
"हं," बाई म्हणाल्या, "पाठ बघणारी आहेस."

पैठणीला पाठ नसते.
दोन्हीकडून सारखी, हीच तिची परीक्षा.
गालिच्याला असते, आणि तिथंच तो खरं बोलतो:
गाठीशेजारी गाठ, ज्वारीच्या दाण्यांसारखी,
बसून मोजावी अशी.

मग शब्दांची देवघेव.
मी म्हणाले ताणा, त्या म्हणाल्या तार.
म्हटलं, तार आमच्याकडेही आहे.
बाणा म्हणजे पूद.
लव म्हणजे पोर्झ (हा माझ्या जिभेवर बसेना).
काठावरच्या कोयरीला त्या बोतेह म्हणतात, झुडूप.
मला तिच्यात कैरीच दिसते, काय करू.
मधल्या मोठ्या फुलाला तोरंज.
"फूल नाही गं, फळ. लिंबाच्या जातीचं, जाड सालीचं."
महाळुंग! मी ओरडलेच.
झालर मला वाटायची मागून शिवलेली.
नाही. ताण्याचीच टोकं ती,
माग सुटल्यावर उरलेली.

गाठ त्यांनी थरथरत्या बोटांनी दाखवली:
एका तारेला पुरता वेढा,
शेजारणीच्या नुसतं मागून, आणि वर.
"एकीला मिठी," म्हणाल्या, "दुसरीशी फक्त ओळख."

पण भोकाच्या कडेला दोन बोटं रुंद एक पट्टा होता,
तिथल्या गाठी दोन्ही तारांना धरून बसलेल्या.
वेगळा हात. आधीचं भोक.
आधीची कुणीतरी.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"आईनं हे कधी सांगितलं नाही."
आणि चहाचं भांडं उगाच आत नेऊन ठेवलं.

अकरा दिवस.
तुटके तार जोडताना मी आमचीच सांधणी केली:
जुन्या टोकाला नवं टोक,
राख लावलेल्या बोटांनी पीळ, गाठ नाही.
बापाच्या मागावर ताणा असाच पुढे जायचा,
नव्याला जुन्याचं शेपूट दिल्याशिवाय
तो माग सोडून उठायचा नाही.

लोकर मंजिष्ठात तीनदा रंगवली.
तिन्ही वेळा लाल वेगळंच.
येवल्यात एवढ्यावर दलालानं पैसे कापले असते.
बाई म्हणाल्या, "राहू दे. याला अबरश म्हणतात.
डोंगरातल्या बाईची लोकर संपते, ती नवी रंगवते,
पाणी दुसऱ्या झऱ्याचं असतं."
दोष म्हणून नाही, नाव म्हणून सांगितलं.
आमच्याकडे या गोष्टीला नाव नाही,
फक्त कपात आहे.

"हौसा, बिल लिहून दे."
लिहिलं:
सांधणी, तार एकशे अठ्ठेचाळीस.
गाठी, चार हजार एकशे सत्तर.
अबरश.
याच्यासमोर आकडा सुचेना, जागा कोरी ठेवली.
बाईंनी टीपॉय ओढत आणला,
जरा थांबल्या,
आणि खिडकीपाशी नेऊन ठेवला.

एक गोष्ट बिलात नाही.
शेवटच्या ओळीत, त्या जुन्या पट्ट्याला लागून,
सात गाठी मी दोन्ही तारांना धरून घातल्या.
वरून लव सारखी दिसते.
पाठ बघणारी कधी आलीच,
तर तिला कळेल.